खिशातील संगीत

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, ताडोबाच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ऊर्जानगर नावाची वसाहत आहे. येथील औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी फार दुरून दिसतात. १९८३ साली या केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज तेथील सात संचांची मिळून क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने प्रचंड चक्रे फिरतात आणि त्या फिरण्यातून निर्माण झालेली वीज दूरदूरच्या गावी दिवे लावते. हे काम रात्रंदिवस चालते. त्यामुळे पहाट असो की मध्यरात्र, ऊर्जानगरात कोणी ना कोणी कामावर निघालेला असतो आणि कोणी कामावरून परतत असतो.

संध्याकाळच्या वेळी या येणाऱ्याजाणाऱ्यांकडे जरा निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कोणी सायकलवर आहे, कोणी पायी चालला आहे, कोणी शिकवणीहून परत येत आहे. आणि त्यांपैकी पुष्कळांच्या कानांत काहीतरी खोवलेले आहे. ओठ किंचित हालत आहेत, बोटे ताल धरीत आहेत. रस्त्यात इतर कोणासही गाणे ऐकू येत नाही. तरी त्या माणसाच्या कानांत मात्र मोठी मैफल भरली आहे. असे हे खिशात मावणारे गाण्याचे यंत्र आपल्यापाशी असावे, अशी इच्छा तुमच्यापैकी बहुतेकांस होत असेल. ती इच्छा योग्य आहे काय? अशा यंत्रापासून लाभ कोणते आणि हानी कोणती? या प्रश्नाचा आज आपण शांतपणे विचार करू.

संगीत खिशात घेऊन हिंडता येईल, ही कल्पना आपल्या पणजोबांस अद्‌भुत वाटली असती. त्यांच्या काळी गाणे ऐकावयाचे तर गाणाऱ्याकडे जावे लागे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या मुलखात धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की गावोगावी दंडार आणि खडी गंमत यांचे खेळ होत. नाटकांचे मंडप पडत. थंडीत घोंगडी पांघरून, रात्रभर जागून लोक नाट्यपदे ऐकत. कोठे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या साथीला खंजिरी वाजे, तर कोठे गोंड पाड्यांवर एकमेकांचे हात धरून स्त्रीपुरुष रेला नाचत. या सर्वांत एक गोष्ट समान होती. गाणे एकट्याचे नव्हते. ते एका ठिकाणी, एका वेळी, पुष्कळांनी मिळून ऐकावयाचे होते. खेळ संपला की गाणे संपले. मग त्याची आठवण तेवढी वर्षभर पुरवावयाची.

पुढे ग्रामोफोन आला आणि त्यानंतर रेडिओ आला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. विविध भारतीची सेवा ३ ऑक्टोबर १९५७ पासून चालू झाली. परंतु त्या वेळचा रेडिओ म्हणजे एक जड लाकडी पेटी असे. तिच्या आत काचेचे दिवे असत. ते तापेपर्यंत आवाज येत नसे, आणि त्यांना वीजही पुष्कळ लागे. ज्या खेड्यात वीजच नव्हती, तेथे अशा पेटीचा उपयोग काय? शिवाय रेडिओ बाळगण्यासाठी सरकारी परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ही पद्धत आपल्या देशात अनेक वर्षे चालू होती.

या जड पेटीला हलके करण्याचे काम एका लहानशा वस्तूने केले. १९४७ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन या शास्त्रज्ञांनी ट्रान्झिस्टर तयार केला. त्यांना आणि त्यांचे सहकारी विल्यम शॉकली यांना १९५६ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काचेचा दिवा जे काम करी, तेच काम ट्रान्झिस्टर करी. पण तो नखाएवढा लहान असून तापत नसे, फुटत नसे आणि अगदी थोड्या विजेवर चाले. १९५४ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा खिशातला रेडिओ अमेरिकेच्या बाजारात आला. पुढे काही वर्षांतच असे रेडिओ आपल्याकडेही आले. शेतकऱ्याने तो बांधावरच्या झाडाला टांगावा, गुराख्याने गळ्यात अडकवावा, आणि आसपासच्या सर्वांनी ऐकावा, असा तो काळ होता. रेडिओ एकाचा असे. पण त्यातील गाणी आणि बातम्या पुष्कळांच्या होत.

१९६३ साली फिलिप्स या कंपनीने कॅसेट बाजारात आणली. आता हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकता येऊ लागले. यानंतर १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला आणि संगीत ऐकण्याची रीतच पालटली. वॉकमनला मोठ्याने वाजणारे तोंडच नव्हते. त्याचे गाणे फक्त कानांवर बसविलेल्या श्रवणयंत्रातून, म्हणजे हेडफोनमधून, ऐकू येई. येथे गाणे प्रथमच चालत्याफिरत्या माणसाचे खाजगी झाले.

पण वॉकमनच्या त्या पहिल्या नमुन्यात दोन गोष्टी होत्या, त्या आपण लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्याला हेडफोन जोडण्याच्या जागा दोन होत्या. दोघा मित्रांनी मिळून ऐकावे, हा त्यामागचा हेतू. दुसरी गोष्ट म्हणजे त्यावर नारिंगी रंगाचे एक बटन होते. ते दाबले की गाण्याचा आवाज कमी होई आणि जवळच्या माणसाचे बोलणे एका सूक्ष्म ध्वनिग्राहकातून कानांत येई. कानांत गाणे भरल्यावर जग बाहेर राहते, ही अडचण यंत्र बनविणाऱ्यांच्या ध्यानात पहिल्याच दिवशी आली होती. या बटनाची आठवण आपल्याला पुढे पुन्हा होईल.

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. ध्वनीचे रूपांतर अंकांत करून तो साठविण्याची युक्ती माणसास साधली. कानाला जे सूक्ष्म ध्वनी एरवी जाणवत नाहीत, ते वगळून थोड्या जागेत गाणे बसविण्याची एमपी-थ्री नावाची पद्धत प्रामुख्याने जर्मनीतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. २००१ च्या ऑक्टोबर महिन्यात ॲपल कंपनीने आयपॉड हे यंत्र आणले. खिशात मावणाऱ्या त्या डबीत एक हजार गाणी राहत. २०१७ साली आपल्या देशात कारवाँ नावाचे यंत्र निघाले. जुन्या रेडिओसारखे दिसणाऱ्या त्या पेटीत पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली होती. वृद्ध माणसांना ते फार आवडले. मग हळूहळू गाण्याच्या यंत्राचे काम मोबाइलच करू लागला आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. तथापि केवळ गाणी वाजविणारी लहान यंत्रे आजही मिळतात. खिशात यंत्र कोणतेही असो. लाभहानीचा विचार दोहोंस सारखाच लागू पडतो.

प्रथम लाभ पाहू. पहिला लाभ असा, की पूर्वी जे संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात आणि मोठ्या शहरांच्या सभागृहांत कोंडलेले होते, ते आता कोणाच्याही झोपडीत जाऊ शकते. वसंतराव देशपांडे हे आपल्या विदर्भाचे थोर गायक. त्यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूर येथे झाला. १९८३ साली, म्हणजे ऊर्जानगरचा पहिला संच सुरू झाला त्याच वर्षी, ते निवर्तले. आज ऊर्जानगरात राहणाऱ्या कोणाही मुलाने त्यांस प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पण त्यांचे गाणे मात्र तो आज रात्री ऐकू शकतो. जो आवाज कायमचा थांबला, तो पुन्हा ऐकावयास मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा लाभ शिकणाऱ्याचा आहे. मैफलीत गायकाने घेतलेली तान क्षणात निघून जाते. यंत्रावर तीच तान दहा वेळा ऐकता येते, मध्येच थांबवता येते आणि पुन्हा म्हणून पाहता येते. परकी भाषा शिकणाऱ्यास उच्चार ऐकण्यासाठी, तसेच डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यास पुस्तके ऐकण्यासाठी हेच यंत्र उपयोगी पडते. अशा माणसाच्या हाती ते करमणुकीचे साधन नसून ग्रंथालय असते.

तिसरा लाभ सोबतीचा. रात्रपाळीहून आलेल्या माणसाचे डोळे जड झालेले असतात. पण मन शांत झालेले नसते. त्यास हळू आवाजातील एखादे भजन झोपेपर्यंत सोबत करते. पायांनी अधू झालेल्या आजीला भजनी मंडळात जाता येत नाही; पण मंडळाची भजने तिच्या उशाशी येऊ शकतात. शिवाय कानापुरते ऐकण्याची सोय असल्यामुळे शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला किंवा आजाऱ्याला त्रास होत नाही. वीज केंद्राच्या वसाहतीत भर दुपारी कोणीतरी झोपलेला असतो. तेथे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

चौथा लाभ आपल्या जंगली मुलखात विशेष जाणवणारा आहे. गडचिरोलीच्या अंतर्भागात मोबाइलचे जाळे पुष्कळ ठिकाणी पोहोचत नाही. यंत्रात साठविलेले गाणे मात्र तेथेही वाजते. केवळ गाणी वाजविणाऱ्या यंत्रास पडदा नाही, खेळ नाहीत, निरोपांची घंटा नाही. त्यामुळे गाणे ऐकावयास बसलेले मूल भलतीकडे भरकटत नाही. आणि त्या यंत्रात ध्वनी मुद्रित करण्याची सोय असेल तर आणखी एक मोलाचे काम करता येते. धानाची रोवणी करताना आपल्या आजीने म्हटलेली गाणी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. ती आपणच मुद्रित करून ठेविली पाहिजेत.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, ‘इतके लाभ असताना विचार तो कसला करावयाचा? यंत्र घ्यावे आणि ऐकत राहावे.’ पण थांबा. आता दुसरी बाजू पाहू. त्यासाठी आपला कान कसा ऐकतो, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेतील कंप. ते कंप कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे ते कंप पुढे ढकलतात आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या एका नळीत पोहोचवितात. या नळीत द्रव असतो आणि सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानात अशा सुमारे १५,००० पेशी असतात. द्रव हालला की हे केस डोलतात आणि मेंदूकडे आवाजाची वर्दी जाते. धानाच्या शेतावरून झुळूक गेली की रोपे लवतात आणि पुन्हा उभी राहतात, तसेच या केसांचे असते. परंतु वादळ आले आणि ते पुष्कळ वेळ टिकले, तर धान आडवे होते. शेतात दुसऱ्या वर्षी नवे पीक घेता येते. कानातील या पेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत.

किती आवाज सोसतो आणि किती सोसत नाही, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा यंत्रांसाठी प्रमाण ठरविले. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८० डेसिबलला ४० तास, ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला केवळ ५ तास, तेही संपूर्ण आठवड्यात! आणि ही झाली मोठ्या माणसांची मर्यादा. कित्येक यंत्रांचा आवाज पूर्ण चढविला तर तो १०० डेसिबलच्याही पुढे जातो. तेथे हा वेळ मिनिटांत मोजावा लागतो.

यात एक मोठी विसंगती आहे, ती ऊर्जानगरच्या मुलांस लवकर उमगेल. वीज केंद्रात चक्रांचा अखंड घणघणाट चालू असतो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यासाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल असावी, असा आपल्याकडे नियम आहे. जेथे त्याहून अधिक आवाज असतो, तेथे कामगारांनी कानांवर संरक्षक टोप्या घालावयाच्या असतात. बाप पोटासाठी गोंगाटात जातो आणि जाताना कान झाकून घेतो. मुलगा घरी बसून, कोणी सांगितले नसताना, तितकाच गोंगाट नळीने कानांत ओततो! बापाला त्या गोंगाटाबद्दल वेतन तरी मिळते. मुलाला काय मिळते? काही वर्षांनी कानांत सतत वाजणारी शीळ आणि ‘काय म्हणालास? पुन्हा सांग,’ असे म्हणण्याची सवय. ही हानी हळूहळू होते, दुखत नाही आणि म्हणूनच कळत नाही.

आता दुसऱ्या हानीकडे वळू. ती कानाच्या आतली नसून बाहेरची आहे. निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या आहेत. कानांना दिल्या नाहीत. आपण झोपलो तरी कान मिटत नाहीत. डोळे समोरचे पाहतात. कान मागचे, बाजूचे आणि अंधारातलेही ऐकतात. कान हा शरीराचा पहारेकरी आहे. कानांत गाणे भरून रस्त्याने चालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच मैफलीत नेऊन बसविणे होय.

शहरात अशा माणसास मागून येणाऱ्या मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही. चंद्रपूरच्या परिसरात कोळशाचे अवजड ट्रक सतत धावत असतात. रेल्वेचे रूळही वस्तीतून आणि जंगलातून जातात. एवढे कारण पुरेसे आहे. परंतु ऊर्जानगरात याहून वेगळेही कारण आहे.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. पुढे १९९५ साली ताडोबा आणि अंधारी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघांची संख्या वाढली. पण जंगलाला भिंत नसते. वीज केंद्राच्या विस्तीर्ण आवारात झुडपे आहेत, पाणी आहे, रानडुकरे आहेत. त्यामुळे वाघ, बिबटे आणि अस्वले या आवारात आणि आसपासच्या वस्तीत येतात. २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात केंद्राच्या परिसरात रात्री कामावरून घरी परतणाऱ्या एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यापाठोपाठ शेजारच्या दुर्गापूर भागात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. या दुःखद घटना येथे सांगितल्या त्या यंत्रास दोष देण्यासाठी नव्हेत. आपण कोठे राहतो, याचे भान आपणांस असावे, एवढ्यासाठीच त्या सांगितल्या.

जंगलात राहणारी माणसे कानांनी जगतात. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचावयास आणि पुढे तेंदूची पाने तोडावयास गेलेल्या बायामाणसे एकमेकींना मधूनमधून हाका मारतात. त्या हाकांनी सोबत कळते आणि जनावरालाही माणसाची चाहूल लागते. जंगलाचे स्वतःचे पहारेकरीही असतात. वाघ दिसला की झाडाच्या शेंड्यावरील वानर खाकरू लागते, चितळ तीक्ष्ण आवाज काढतो, सांबर पाय आपटून मोठ्याने ओरडते. वनरक्षक आणि वाटाडे हे इशारे ऐकून वाघ कोणत्या बाजूस आहे, हे ताडतात. ज्याचे कान गाण्याने भरलेले आहेत, त्याला हे इशारे असून नसल्यासारखे आहेत. शिवाय तो स्वतः मुकाट्याने चाललेला असतो. म्हणजे त्याला जनावराची चाहूल नाही आणि जनावराला त्याची चाहूल नाही. अचानक समोरासमोर येणे दोघांसही घातक ठरते. अस्वलाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

कोणी विचारील, ‘एकाच कानात गाणे ठेविले तर?’ तेही पुरेसे नाही. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानास उजव्या कानापेक्षा किंचित आधी पोहोचतो. हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो; पण त्यावरूनच मेंदू आवाजाची दिशा ठरवितो. एक कान बंद झाला की आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला हे कळत नाही. तर मग मोठ्याने वाजणारे यंत्र घेऊन जंगलात जावे काय? तेही नको. तेथील प्राणी त्या कोलाहलाने बिथरतात, आणि जंगल हे त्यांचे घर आहे. अंधारात जावेच लागले तर दोघातिघांनी मिळून, हातात विजेरी घेऊन, आपसांत मोठ्याने बोलत जावे. माणसाच्या बोलण्याइतकी चांगली सोबत दुसरी नाही.

तिसरी हानी सहज दिसत नाही. घरात आजी हाक मारते. एकदा मारते, दोनदा मारते. मूल खोलीतच आहे, पण उत्तर येत नाही. आजीला वाटते, मूल उद्धट झाले. मुलाला वाटते, आजी उगाच रागावली. चूक कोणाचीच नसते. मध्ये एक लहानशी डबी आलेली असते. असे रोज घडले तर हाक मारणे हळूहळू बंद होते. मनालाही मधूनमधून शांतता लागते. जेवताना, चालताना, झोपताना सतत गाणेच कानी पडत राहिले, तर स्वतःचा विचार करावयास वेळ उरत नाही आणि शेवटी गाण्याचीही गोडी जाते.

झाडीपट्टीतील लोकांस ही गोष्ट पक्की ठाऊक असावी. त्यांच्याही खिशात आता मोबाइल आहेत. तरी देसाईगंज म्हणजेच वडसा येथील नाटक मंडळ्या हिवाळ्यात आजही गावोगावी जातात आणि लोक रात्रभर जागून त्यांची नाटके पाहतात. या रंगभूमीचे गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री हा बहुमान जाहीर झाला. ज्या गाण्याला शेजारी बसलेला माणूस ‘वा!’ म्हणतो, ते गाणे यंत्रात मिळत नाही.

तर मग निर्णय काय करावयाचा? ऊर्जानगरातील मुलांस याचे उत्तर दूर शोधावयास नको. वीज ही उपकारक शक्ती आहे. पण तिला तारेवाचून, बटनावाचून आणि धोका होताच प्रवाह तोडणाऱ्या फ्यूजवाचून घरात घेत नाहीत. बटन आपल्या हाती असते, म्हणून वीज आपली सेवा करते. खिशातील संगीताचेही तसेच आहे. ते जवळ असण्यात काही वाईट नाही. मात्र त्याचे बटन आपल्या हाती असले पाहिजे.

त्यासाठी थोडे नियम पुरे आहेत. यंत्राचा आवाज जास्तीत जास्त मर्यादेच्या साठ टक्क्यांहून पुढे नेऊ नये. काही वेळ ऐकल्यावर कानांना विश्रांती द्यावी. भोवती गोंगाट असेल तर गाण्याचा आवाज चढविण्यापेक्षा गाणे थांबविणे बरे. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर, दोन्ही कान मोकळे असावेत. घरातील माणसाने हाक मारली तर ती ऐकू येईल, इतकाच आवाज असावा. आणि एखादे गाणे फार आवडले तर ते घरातील कोणास तरी ऐकवावे. वॉकमनच्या त्या पहिल्या नमुन्याला हेडफोनसाठी दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटन होते. आजच्या यंत्राला तसे बटन असो वा नसो. आपण ते आपल्या मनाशी बाळगावे.

आता पुन्हा ऊर्जानगरच्या त्या रस्त्यावर येऊ. दिवस मावळला आहे. एक मुलगा शिकवणीहून परत येत आहे. झुडपांजवळच्या वळणाशी येताच तो कानांतील इअरफोन काढून खिशात ठेवतो आणि मागे राहिलेल्या मित्रास हाक मारतो. वीज केंद्राची दूरची घरघर त्याला ऐकू येते. कोठेतरी कुत्रे भुंकत आहे. झाडावरील वानरे शांत आहेत. मित्र धावत येऊन त्याला गाठतो आणि दोघे मोठमोठ्याने बोलत घराकडे चालू लागतात. ऐकावयाचे राहिलेले गाणे खिशात सुखरूप आहे. ते घरी गेल्यावरही ऐकता येईल.

अभ्यास

१. वॉकमन येण्यापूर्वी आणि आल्यानंतर संगीत ऐकण्याच्या रीतीत कोणता फरक पडला?
२. कानातील सूक्ष्म केसांना धानाच्या रोपांची उपमा का दिली आहे? ही उपमा कोठे अपुरी पडते?
३. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे मोठ्या माणसांस सुरक्षित असेल, तर ९२ डेसिबलचा आवाज किती वेळ ऐकणे सुरक्षित ठरेल? हिशेब करा.
४. ‘कान हा शरीराचा पहारेकरी आहे,’ हे विधान तुमच्या गावातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. संध्याकाळी घराच्या ओट्यावर किंवा खिडकीपाशी दहा मिनिटे स्वस्थ बसा. जे जे आवाज ऐकू येतील त्यांची यादी करा आणि त्यांपैकी कोणते आवाज तुम्ही आजवर कधी लक्ष देऊन ऐकले नव्हते, ते लिहा.